गोल्फसाठी लॉन्च मॉनिटर (शॉटचे आकडे मोजणारं मशीन) घ्यावा का? आकडे बघून सराव नेमका करायचा कसा?

बोगी_पुणेकर
नमस्कार मंडळी, पुण्यात गोल्फ खेळतो, हॅन्डिकॅप १९ (म्हणजे मधल्या दर्जाचा हौशी), ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारला की बॉल बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो, म्हणजे स्लाइस होतो. मागच्या महिन्यात रेंजवर कोचकडे ट्रॅकमॅन नावाच्या मॉनिटरवर सेशन केलं, शॉट मारला की लगेच स्क्रीनभर आकडे, क्लब स्पीड, अटॅक अँगल, फेस टू पाथ, स्पिन अ‍ॅक्सिस, अजून काय काय, आणि त्यातलं बघायचं काय तेच कळेना. तरी मजा आली हे खरं. आता टेरेसवर नेट लावून गार्मिन आर१० सारखा छोटा रडारवाला घ्यायचा विचार चाललाय, पण आतेभाऊ म्हणतो ते पैसे वाचव आणि नुसतं पटिंग (ग्रीनवर बॉल होलमध्ये घालायचा सराव) कर, स्कोअर तिथेच कमी होतो. माझ्यासारख्याने कोणते आकडे बघावेत, नेटमध्ये ते खरे येतात का, आणि आतेभाऊ म्हणतो ते बरोबर आहे का? कामाचं सांगा प्लीज.

ठाणेकर_फेड
स्लाइस असेल तर सुरुवातीला फक्त फेस टू पाथ बघा, म्हणजे फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) कुठे बघतोय आणि पाथ (स्विंगची दिशा) कुठे आहे यातला फरक, बाकी स्क्रीन झाकली तरी चालेल. आधी सगळीकडे असं शिकवायचे की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. रडारने मोजायला लागल्यावर कळलं की उलट आहे, बॉल निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला (मधल्या अंतराचे क्लब) ७५ टक्के वाटा फेसचा, आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. आता विचार करा, स्लाइसवाला काय करतो, बॉल उजवीकडे जातो म्हणून अजून डावीकडे नेम धरतो आणि अजून डावीकडे स्विंग करतो, म्हणजे फरक वाढला आणि स्लाइस पण वाढला! कित्येक लोक वर्षानुवर्षं हेच करत राहतात आणि बघून वाईट वाटतं, कारण हा एक आकडा समोर असला की काय चाललंय ते लगेच दिसतं. अर्थात बॉल क्लबफेसच्या मधोमध लागत असेल तरच, ड्रायव्हर हीलवर (दांड्याकडच्या बाजूला) लागला की तेवढ्यानेच बॉल उजवीकडे वळतो. म्हणून आधी फेसवर फूट पावडर मारून बघा कुठे लागतोय, त्याला मशीन लागत नाही.

न्यूजर्सी_ताई
आतेभावाच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझा सगळा सराव याच गोष्टीमुळे बदलला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी स्ट्रोक्स गेन्ड ही पद्धत काढली आणि २०११ पासून पीजीए टूर (अमेरिकेतली प्रो खेळाडूंची स्पर्धामालिका) पटिंगसाठी ती वापरायला लागली. कल्पना सोपी आहे, ८ फुटांवरून टूरवरचे प्रो साधारण निम्मेच पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड शॉट लागतो, तुम्ही एका पटमध्ये घातला तर अर्धा शॉट कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असा प्रत्येक शॉटचा हिशेब करता येतो, टी पासून, म्हणजे होलच्या पहिल्या शॉटपासून. आणि तो मांडल्यावर दिसलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूत सगळ्यात मोठा फरक ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या शॉट्समध्ये पडतो, पटिंगचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघाला. मॅट फिट्झपॅट्रिक लहान वयापासून स्पर्धेतला आपला एकेक शॉट लिहून ठेवतो, आणि २०२२ मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली. म्हणून माझं म्हणणं, मशीन घ्यायच्या आधी आठ-दहा राउंडचे शॉट लिहा, किती यार्डावरून, कुठल्या क्लबने, कुठे पडला. ग्रिपमध्ये सेन्सर लावून आपोआप नोंदवणारं अर्कोस वगैरे पण मिळतं, पण वहीतही होतं. कदाचित तुमचे शॉट पटिंगमध्येच जात असतील, पण ते तुमच्या नोंदीवरून ठरू दे ना.

रेंजवरचे_सर
नेटबद्दल सांगतो. आर१० बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवायचा आणि बॉलपासून पुढे नेटपर्यंत निदान ८ फूट जागा हवी, तेवढी टेरेसवर आहे का आधी टेपने मोजून बघा. छोट्या रडारला नेटमध्ये बॉल क्षणभरच दिसतो, त्यामुळे स्पिन बराचसा अंदाजाने काढलेला असतो, बॉल स्पीड आणि लॉन्च अँगल त्यामानाने भरवशाचे. कॅमेरावाले मॉनिटर बॉलच्या बाजूला राहून फोटो काढतात, म्हणून कमी जागेत बरे, पण किंमत खूपच वर जाते. अजून एक, रेंजचे जुने बॉल कमी जातात, ते मारून कॅरीचा (बॉल हवेतून किती लांब जातो त्याचा) आकडा पाठ करू नका. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे म्हणून बॉल जास्त जातो असंही लोक म्हणतात, जातो, पण दोनेक टक्केच, १५० यार्डाला ३ यार्ड, त्यापेक्षा बॉलचा फरक जास्त पडतो.

जुना_मेंबर
सगळं वाचलं, माहिती छान आहे. पण मला खरी काळजी वाटते ती पोरांची. शॉट मारला की बॉल कुठे गेला हे न बघता मान स्क्रीनकडे! कोर्सवर सपाट मॅट नसते, बॉल पायाच्या वर असतो, खाली असतो, पावसाळ्यात रफ (कडेचं वाढलेलं गवत) असा दाट होतो की आठ नंबर आयर्न पिळवटून निघतं, तिथे अंदाज लागतो आणि तो हाताला सवय होऊनच येतो. आमच्या कॅडींना वारा बघून क्लब सांगता येतो, ते कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळणार?

रेंजवरचे_सर
काका, तुमचं म्हणणं अगदी पटतं, म्हणून मी पोरांना आकडा बघायच्या आधी तोंडाने सांगायला लावतो, किती कॅरी झाला, फेस उघडा होता का बंद, मग स्क्रीन. पहिल्या आठवड्यात अंदाज २० यार्डांनी चुकतात, हळूहळू जवळ यायला लागतात, म्हणजे मशीनने अंदाजच तयार होतोय. आणि तुम्ही पावसाळ्याचं म्हणालात तिथे तर कॅरी फारच कामाचा, जून ते सप्टेंबर बॉल पडतो तिथेच बसतो, रोल शून्य, मे महिन्यातल्या कडक फेअरवेचे अंतर धरून क्लब घेतला की ग्रीनच्या अलीकडे बंकरमध्ये. पुणेकर, तुम्ही असं करा, मशीन विकत नका घेऊ आत्ता, कोचकडे तासभर घ्या, सगळे आयर्न आणि वेज (जवळच्या शॉटचे क्लब) चांगल्या बॉलने मारा, प्रत्येकाचा सरासरी कॅरी लिहा, सगळ्यात लांबचा नको. आणि एकच क्लब ओळीने मारू नका, ड्रायव्हर, मग सात नंबर, मग वेज, दर वेळी टार्गेट बदला.

बोगी_पुणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. टेरेस मोजली, बॉलच्या पुढेमागे मिळून १२ फूटच आहे, त्यामुळे मशीनचा विषय सध्या बंद. रविवारपासून वही सुरू करतोय. ताई, पेनल्टी शॉट कसा लिहायचा, ज्या शॉटला बॉल पाण्यात गेला त्याच्याच खात्यात ना?

न्यूजर्सी_ताई
हो, त्याच शॉटच्या खात्यात. आणि ड्रॉप घेतला तिथून किती यार्ड उरले ते लिहायला विसरू नका, पुढच्या शॉटचा हिशेब तिथून सुरू होतो.