टॅकल कमी झाले म्हणून विकला! बचावपटूची कारकीर्द मोजायची तरी कशी?

स्वीपर

मंडळी, ऑगस्ट २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याप स्टॅमला लॅझिओला विकून टाकलं. गडी तीन हंगाम खेळला होता आणि तिन्ही हंगामांत इंग्लिश लीग जिंकली होती, त्यात १९९९ चा तिहेरी मुकुटही (लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच हंगामात) आला. वय २९, म्हणजे सेंटर बॅकसाठी (बचावफळीच्या मध्यावरचा खेळाडू) ऐन उमेद. कारणं बरीच सांगितली गेली: त्याच्या आत्मचरित्रावरून उठलेला गदारोळ, टाचेच्या दुखापतीनंतर मंदावलेला वेग, लॅझिओने पुढे केलेली रक्कम. पण एक गोष्ट अजूनही सांगितली जाते. त्याच्या टॅकलचे (पाय घालून चेंडू हिसकावण्याचे) आकडे घसरले होते आणि त्यावरून गडी उतरणीला लागला असा निष्कर्ष निघाला. त्याच्या जागी आणलेला लॉराँ ब्लाँ ३५ वर्षांचा. आदल्या हंगामात युनायटेडने लीगमध्ये ३१ गोल खाल्ले होते, या हंगामात ४५ खाल्ले आणि तिसऱ्या क्रमांकावर घसरले. प्रशिक्षक फर्ग्युसननी पुढे चूक कबूल केली.

माझं म्हणणं असं की टॅकल हा बचावपटूचा शेवटचा उपाय आहे. पाय घालावा लागला म्हणजे आधी कुठेतरी उशीर झाला. समोरच्या संघाचा मिडफिल्डर मान वर करतो, पुढे आपल्या स्ट्रायकरच्या खांद्याला खांदा लावून स्टॅम उभा दिसतो, आणि तो चेंडू निमूटपणे मागे देतो. हे कोणत्या रकान्यात लिहिणार? स्ट्रायकरचं सगळं काम लिहिलं जातं, बचावपटूचं उत्तम काम लिहिलंच जात नाही. आकड्यांनी त्याची कारकीर्द मोजायचा नाद सोडून द्यावा. बॅलन डी'ओरची, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराची, यादी बघा. १९५६ पासून बचावातले विजेते तीनच: बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६), झामर (१९९६) आणि कानावारो (२००६). त्यातही पहिले दोघे स्वीपर, म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळे राहणारे आणि संधी मिळताच पुढे धावत जाणारे. (माझ्या आयडीवरून माझा पक्षपात ओळखू आला असेलच.)

आकडेमोड

असहमत. "उत्तम काम लिहिलंच जात नाही" हे वाक्य ऐकायला गोड, पण मग कुणालाही थोर म्हणता येईल की! गोल झाला नाही तर साहेबांची कृपा, झाला तर संघाचं नशीब. असा हिशेब तर नवसालाही लागू पडतो.

३१ चे ४५ झाले ते एका स्टॅममुळे? त्याच उन्हाळ्यात मिडफिल्डर व्हेरॉन आला, स्ट्रायकर वॅन निस्टलरॉय आला, संघाची मांडणीच बदलली. ते सोयीस्करपणे गाळलंत.

आणि स्टॅमचंच नाव काढलंत तर पुढचं ऐका. २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल, इस्तंबूल. मिलानची बचावफळी काफू, स्टॅम, नेस्टा, माल्दिनी. याहून भारी चौकडी कागदावर मांडून दाखवा. मध्यंतराला ३-० ने पुढे. मग ५४ ते ६० या सहा मिनिटांत तीन गोल, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चषक लिव्हरपूलकडे. मिडफिल्डरने मान वर केली तेव्हा समोर चौघे उभे होते ना? मग त्याने चेंडू मागे का नाही दिला?

हाफटाइम

हाहा. सहा मिनिटांत चार पुतळे.

स्वीपर

@आकडेमोड, व्हेरॉनचा मुद्दा मान्य. इस्तंबूलचा मात्र नाही. मध्यंतरानंतर लिव्हरपूलचा हामान आला आणि मिलानचा मिडफिल्डर काका याला मिळणारी मोकळी जागा बंद झाली, लिव्हरपूलच्या जेरार्डला पुढे जायची मुभा मिळाली. पहिला गोल त्याच्याच हेडरचा. तिसरा पेनल्टीवर, तोही आधी अडवला गेला आणि परतलेल्या चेंडूवर आलोन्सोने मारला. समोरची मधली फळी ढासळली की मागचे चौघे उघडे पडतात. आणि त्याच सामन्यात पहिल्याच मिनिटात गोल कुणी केला? माल्दिनीने! ते कुणालाच आठवत नाही.

डावा_बॅक

दोघांच्याही आकड्यांत मला पडायचं नाही. हौशी पातळीवर अकरा वर्षं फुल बॅक (बचावफळीच्या कडेला) खेळलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आम्ही चेंडूकडे बघतो. दर दोन-तीन सेकंदांनी मान मागे वळते, आपल्या पाठीमागे कोण सरकतंय ते बघायला. विंगर (कडेने हल्ला करणारा) समोर आला की चेंडू काढून घ्यायची घाई करायची नसते. अंग तिरकं ठेवायचं, त्याला रेषेकडे ढकलत न्यायचं, त्याच्या कमजोर पायावर आणायचं आणि वाट बघायची. मिडफिल्डर मागे येईपर्यंत चार सेकंद काढले तरी काम झालं. त्या चार सेकंदांत मी काहीही केलेलं नसतं. चेंडूला स्पर्शसुद्धा नाही.

उलट बाजूही सांगतो. आमची बचावाची ओळ एकाच्या हाकेवर पुढे सरकायची. तो सेंटर बॅक असला की मी ऑफसाइडच्या बाबतीत (ओळ वेळेवर पुढे नेऊन स्ट्रायकरला नियमबाह्य जागी अडकवण्यात) हुशार वाटायचो, तो नसला की मठ्ठ. मी तोच होतो. त्यामुळे एकट्या बचावपटूची कारकीर्द वगैरे ऐकलं की मला थोडं हसू येतं. माल्दिनीचं कौतुक करायचं तर मिलानच्या बचावफळीतले त्याचे साथीदार बारेसी, कोस्टाकुर्टा आणि टासोट्टी यांनाही त्याच वाक्यात घ्या.

आकडेमोड

डावा_बॅक यांनी मुद्द्याला हात घातला. चांगला बचावपटू ही एका माणसाची गोष्ट नाही, म्हणूनच त्याला एकट्याने पारितोषिक मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एक प्रयोग आयता घडून गेला आहे. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये सेंटर बॅक व्हॅन डाइकसाठी ७.५ कोटी पौंड मोजले, बचावपटूसाठी तेव्हाचा जागतिक विक्रम. २०१८-१९ मध्ये तो लीगचे सगळे ३८ सामने खेळला, संघाने २२ गोल खाल्ले. २०१९ च्या बॅलन डी'ओरला मेस्सीच्या मागे दुसरा. पुढच्या हंगामात पुन्हा ३८ सामने, गोल खाल्ले ३३. तोच माणूस, अकरा गोल जास्त. आणि लीग जिंकली ती या दुसऱ्या हंगामात!

आता गंमत. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. त्याआधीचे चार सामने तो पूर्ण खेळला होता. त्यांत लिव्हरपूलने ११ गोल खाल्ले, पैकी सात एकट्या अॅस्टन व्हिलाने मारले. उरलेल्या ३४ सामन्यांत, एव्हर्टनचा धरून, ३१. म्हणजे सामन्याला एकाहून कमी, अगदी विजेतेपदाच्या हंगामाइतकेच. जगातला सर्वोत्तम बचावपटू बाहेर बसला आणि खाल्लेल्या गोलांत तसूभर फरक नाही. आता सांगा.

हाफटाइम

पिनड्रॉप शांतता. धागाकर्ते ऑफसाइड.

बाहेरून_बघणारी

मी फुटबॉल फारसा बघत नाही, पण मेंदूच्या आजारांबद्दल वाचत असते, म्हणून थोडं विषयांतर करते. कारकीर्द मोजायची तर ती संपल्यावर काय उरतं तेही धरा.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या साडेसात हजारांहून जास्त माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये पहिला निष्कर्ष आला: मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण या खेळाडूंत सुमारे साडेतीन पट. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार फोड केली. गोलरक्षकांचा धोका सामान्य लोकांपेक्षा ठळकपणे वेगळा निघाला नाही. बचावपटूंचा सर्वांत जास्त, सुमारे पाच पट. उंचावरून येणारा चेंडू वर्षानुवर्षं डोक्याने परतवायचं काम कुणाचं, हे तुम्हीच जास्त जाणता. हेडर हेच एकमेव कारण असं त्यातून सिद्ध होत नाही, पण संशय तिकडेच जातो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंनी सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहाच जोरदार हेडर मारावेत अशी सूचना आहे.

तेव्हा हा रकाना तरी लिहिला जातोय. उशिरा, इतकंच.

जुना_प्रेक्षक

ताई, विषयांतर अजिबात नाही. जॅक चार्ल्टन आठवला. १९५२ ते १९७३ सगळी व्यावसायिक कारकीर्द एका लीड्समध्ये काढली. इंग्लंडकडून पहिला सामना एप्रिल १९६५ मध्ये, तिशीला महिनाभर कमी असताना. पुढच्या वर्षी विश्वविजेता. शेवटच्या काळात स्मृतिभ्रंश, २०२० मध्ये गेला. भाऊ बॉबी मधल्या फळीत नि पुढे खेळायचा, त्यालाही तोच आजार झाला. त्यामुळे जागेवरून नियम काढताना मी जरा जपून असतो.

चार्ल्टनचं उदाहरण मला दुसऱ्याच कारणासाठी हवं होतं. बचावपटू उशिरा पिकतो. तिशीत पाय थोडे मंदावतात, पण चेंडू कुठे पडणार हे आधी कळायला लागतं. थियागो सिल्वाने चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो ३६ चा होता. पेपे २०२४ च्या युरोत ४१ व्या वर्षी खेळला. माल्दिनी १९८५ पासून २००९ पर्यंत मिलानकडे, एकूण ९०२ सामने. स्टॅमला २९ व्या वर्षी म्हातारा ठरवणं हा खरा वेडेपणा होता, टॅकल मोजणं नव्हे.

आणि आजच्या पोरांचं काम वेगळंच झालंय हेही लक्षात घ्या. १९९२ मध्ये गोलरक्षकाला मागे दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली, २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच घेता येतो. सेंटर बॅक आता हल्ल्याची पहिली पायरी. ज्याला पास देता येत नाही तो कितीही छान अडवत असला तरी मोठा क्लब त्याला घेत नाही. मला हे आवडत नाही, पण माझ्या आवडीला विचारतो कोण.

स्वीपर

दोन दिवस गप्प होतो, कारण @आकडेमोड यांचं गणित तपासत होतो. बरोबर आहे. फक्त व्हिलाचे सात खाल्ले तेव्हा नेहमीचा गोलरक्षक अॅलिसन नव्हता, गोलमध्ये अॅड्रियान होता, हे नोंदवून ठेवतो.

पण हिशेब अर्ध्यावर थांबवलात. त्याच लिव्हरपूलने विजेतेपदाच्या हंगामात ८५ गोल केले होते, व्हॅन डाइक जायबंदी झाला त्या हंगामात ६८. गुण ९९ वरून ६९. अॅनफिल्ड या आपल्या मैदानावर लीगचे ६८ सामने न हरलेला संघ त्या हंगामात घरी लागोपाठ सहा हरला. का? व्हॅन डाइकपाठोपाठ गोमेझ आणि माटिपही जायबंदी झाले. फाबिन्यो आणि हेंडरसन यांना मागे ओढून सेंटर बॅक केलं. मधली फळी रिकामी झाली. मागे वेगाने धावून सावरणारा माणूस नाही, म्हणून ओळ पूर्वीसारखी पुढे चढेना. पन्नास मीटरवरचा तिरका पास उजव्या कोपऱ्यात टाकणाराही नाही. संघाने गोल खाल्ले तेवढेच, पण करायचे राहून गेले.

आकडेमोड

मधल्या फळीचे दोन खेळाडू मागे नेल्यावर गोल आटणारच, त्यात एकट्या व्हॅन डाइकचं काय? शेवटी नॅट फिलिप्स आणि रिस विल्यम्स या नवख्यांना मागे ठेवलं, फाबिन्यो आपल्या जागी परतला आणि संघ तिसरा आला.

पण ठीक आहे, १७ गोलांचा मुद्दा चांगला आहे, मी तिकडे बघितलंच नव्हतं. मात्र तुमच्या लक्षात आलं का, तुम्ही आत्ताच बचावपटू आकड्यांनी मोजलात? पहिल्या पोस्टमध्ये नाद सोडा म्हणत होता. आकडा होताच, आपण दोघं चुकीच्या रकान्यात शोधत होतो.

स्वीपर

पकडलंत. मागे घेतो ते वाक्य.

डावा_बॅक

आता भांडण मिटतंय तर एक तुकडा बघा. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड, विश्वचषकाची उपांत्य फेरी, इटली वि. जर्मनी. ११९ व्या मिनिटाला ग्रोसोचा गोल झालाय, जर्मनी सगळं पुढे टाकतंय. त्यानंतरचं एक मिनिट फक्त कानावारोकडे बघा, चेंडूकडे नाही. उंची १.७६ मीटर, सेंटर बॅकसाठी बुटकाच. इटलीने त्या स्पर्धेत सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले, एक झाक्कार्डोचा स्वयंगोल आणि एक फायनलमधली झिदानची पेनल्टी.

आकडेमोड

बघितलं. तीनदा. पेनल्टी क्षेत्रात आलेला चेंडू तो उडी मारून डोक्याने बाहेर काढतो. बाकीचे श्वास घेतात, हा थांबतच नाही. तोच चेंडू खाली पडून पोडोल्स्कीच्या ताब्यात यायच्या आत धावत जाऊन काढून घेतो, स्वतः पुढे घेऊन निघतो. टोट्टी, मग जिलार्डिनो, मग डेल पिएरो. २-०. डोक्याने काढल्यापासून गोलपर्यंत वीस सेकंदही नसतील.

नोंद तपासली. गोल: डेल पिएरो. पास: जिलार्डिनो.

स्वीपर

आणि कानावारो?

आकडेमोड

त्या ओळीत नाही.