आयटी मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी पदवीनंतर लगेच घ्यावी का? माझं मत: घेऊ नये

पंचगंगा

नात्यातल्या एका मुलाचं बीएससी कॉम्प्युटर सायन्स यंदा पूर्ण होतंय. घरात तीन पर्याय चर्चेत आहेत: सीईटी देऊन एमसीए म्हणजे संगणक विषयातली पदव्युत्तर पदवी, आयटी विषय घेऊन एमबीए, नाहीतर कर्ज काढून अमेरिकेत एमआयएस म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये एमएस. मी एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे म्हणून मला विचारलं गेलं. घरी जे बोलले तेच इथे सविस्तर मांडते, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात अनेक घरांत येतो.

संस्थेत माहिती कशी फिरते, यंत्रणा कोणाच्या जिवावर चालते, तिच्यावर किती खर्च करायचा आणि बिघडली तर जबाब कोणी द्यायचा, हा या विषयाचा गाभा. संस्था आतून कधी न पाहिलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला हे शिकवून फारसं हाती लागत नाही. आधी दोन-तीन वर्षं नोकरी आणि मग ही पदवी. माझ्या मते प्रवेशाची अटच तशी असायला हवी.

एक उदाहरण देते. बँकेत नोंदीला मेकर-चेकर लागतो: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. शाखेत आठवडी बाजाराचा दिवस असतो, काउंटरपुढे रांग असते आणि अधिकारी हेड ऑफिसला मीटिंगला निघालेला असतो. लोक खोळंबू नयेत म्हणून जाताना तो पासवर्ड क्लार्कला सांगून जातो. लॉग, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेली नोंद, उघडला तर सगळं नियमात दिसतं. दोन वेगळे युजर आयडी, नोंद वेगळी, मंजुरी वेगळी. फक्त दोन्ही एकाच मशीनवरून झालेल्या आणि मध्ये जेमतेम चार-पाच सेकंद. तेवढ्यात कोणी व्हाउचर वाचत नाही. इथे सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, त्या शाखेत दुसरा अधिकारीच नेमलेला नाही. बोटाच्या ठशाने लॉगिन केलं की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा सुटायला अधिकारी नसेल त्या दिवशी त्याचे अधिकार कोणाकडे, याचा लेखी आदेश लागतो आणि तो काढायला व्यवस्थापनाला पटवावं लागतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेही कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रणेला, हात न लावता. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा बनावट स्विच उभा केला, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगलाही रक्कम वळवली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेसाठी चार स्तरांत विभागलं. कोणत्या स्तराला काय बंधनकारक, त्यातलं आपल्याला काय परवडतं, आधी काय करायचं, हे ठरवणारी माणसं या पदवीतून घडावीत अशी अपेक्षा असते. ती कॉलेजातून थेट येत नाहीत. माहिती यंत्रणांच्या लेखापरीक्षणाची 'सीसा' ही परीक्षा कोणालाही देता येते, पण प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्यांनी घातलेली ही अट मला रास्त वाटते.

हिंजवडी_फाटा

पूर्ण सहमत. प्रोजेक्टवर एमबीए करून थेट आलेली मुलं येतात. सादरीकरण उत्तम करतात, पण 'हे दोन टेबल जोडल्यावर ओळी दुप्पट का झाल्या' असं विचारलं की गप्प होतात. बिझनेस अ‍ॅनालिस्टने क्वेरी स्वतः लिहावी असं नाही, पण समोरचा आपल्याला गुंडाळतोय का एवढं तरी कळायला हवं. शिवाय मधल्या फळीची अवस्था बघा. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं तेव्हा रोख मधल्या आणि वरच्या पदांवर होता. नुसती कामं वाटून देणाऱ्या माणसाची गरज कमी होत चालली आहे आणि आपण मुलांना तीच भूमिका शिकवतोय.

मांजराकाठ

पंचगंगाताई, तुमचं मेकर-चेकरचं उदाहरण पटलं. त्यातून काढलेला निष्कर्ष अजिबात पटला नाही.

'आधी नोकरी करा' हा सल्ला ज्याला नोकरी मिळते त्याच्यासाठी आहे. मी लातूर जिल्ह्यातली. बीकॉम, बारावीला गणित होतं. कॉलेजात कॅम्पस म्हणावं असं काही नव्हतं. गावात मिळणारी नोकरी म्हणजे सीएकडे टॅलीत एंट्री करणं किंवा सेवा केंद्रात दाखले काढून देणं. तिथे दोन वर्षं घालवून मी कुठल्या 'अनुभवी' गटात बसले असते? एमसीएला बारावीचं गणित असलेल्या बीकॉमलाही प्रवेश मिळतो, ब्रिज कोर्स करावा लागतो. माझ्यासाठी तोच एक दरवाजा उघडा होता. त्यावर तुम्ही अनुभवाची अट लावायला निघालात तर आत फक्त पुण्या-मुंबईची इंजिनिअर मुलंच राहतील.

आता मुलींचं बोलते. मुलगी शिकत असते तोवर घर थांबतं. नोकरीला लागली की महिन्याभरात स्थळं सुरू होतात. दोन वर्षं कमावलेल्या मुलीला परत हॉस्टेलवर पाठवणारी घरं माझ्या नात्यात तरी नाहीत. माझ्या मैत्रिणीने तुमच्याच क्रमाने जायचं ठरवलं होतं, आधी नोकरी, मग एमबीए. ती आज दोन मुलांची आई आहे. हुशार आहे, सुखात आहे, पण ते एमबीए राहिलं ते राहिलंच. तुमची अट मुलांच्या करिअरला दोन वर्षं उशीर करेल, मुलींचं शिक्षण तिथेच थांबवेल.

आणि 'सीसा'चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. पाच वर्षांत शिक्षणाबद्दल सूट मिळते, जास्तीत जास्त तीन वर्षांची. म्हणजे त्यांनीही पदवीला अनुभवाच्या जागी काही मोल दिलंय.

फळा_खडू

मी पुण्याजवळच्या एका कॉलेजात एमसीएला शिकवतो. आधी एक दुरुस्ती. एमसीए आणि एमबीए-आयटी एका दावणीला बांधू नका. पूर्वी पुणे विद्यापीठात एमसीएम, म्हणजे मास्टर ऑफ कॉम्प्युटर मॅनेजमेंट, होतं. व्यवस्थापनाच्या अंगाने संगणक शिकवण्याची परंपरा तिथून आहे. आजच्या एमसीएत मात्र प्रोग्रामिंगचाच भरणा आहे. २०२०-२१ पासून अभ्यासक्रम तीन वर्षांवरून दोनवर आला. त्या कपातीत माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा आटले ते लेखाशास्त्र आणि संस्था-व्यवस्थापन यांसारखे विषय. आता मुलांना जावा येतं, पण ताळेबंद वाचता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

पण 'संस्था आतून पाहिलेली नाही' हे मला मान्य नाही. माझ्या वर्गातली बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. तंत्रज्ञान-स्वीकाराचं फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं प्रारूप मी ई-पीक पाहणीवर शिकवतो. प्रारूप म्हणतं, वस्तू उपयोगी वाटली आणि वापरायला सोपी वाटली की माणूस ती वापरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने मोबाइलवर करायची असं ठरलं. सोपी आहे का? रानात रेंज नाही, फोटो चढत नाही, शेवटच्या तारखेला सर्व्हर दम टाकतो. तरी लोक करतात, कारण सातबारावर पीकपेरा नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर माल घ्यायला अडचण येते. मग याला 'स्वीकार' म्हणायचं का? इथे वर्ग पेटतो. एका मुलीने घरोघर विचारून तक्ता केला: नोंद शेतकऱ्याने स्वतः केली, मुलाने केली की गावातल्या एखाद्या पोराने पैसे घेऊन केली. तिचं म्हणणं असं की वापराचा आकडा कितीही मोठा असला तरी नोंद खरी आहे का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. डेलोन आणि मॅकलीन यांनी १९९२ मध्ये यंत्रणेच्या यशाचे निकष मांडले तेव्हापासून सक्तीचा वापर यश धरायचा का, यावर संशोधक भांडताहेत. ही मुलगी तिथे स्वतःच्या पायांनी पोचली आणि तिने एक दिवसही नोकरी केलेली नाही.

पंचगंगा

मांजराकाठ, मुलींबद्दलचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता असं नाही, पण तुम्ही मांडला तेवढ्या जोराने तो माझ्यासमोर कोणी आणला नव्हता. सरसकट अट नको, हे मान्य. एमसीए माझ्या आक्षेपातून बाजूला काढते, ते मुख्यतः तांत्रिक शिक्षण आहे आणि सरांनीही तेच सांगितलं. एमबीए-आयटी आणि एमआयएसबद्दल मी ठाम आहे.

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा तक्ता मला खरंच वाचायला आवडेल. पण ती यंत्रणा वापरणाऱ्यांच्या बाजूने बघते आहे. ती बाजू महत्त्वाची आहेच आणि आमच्याकडे तिचीच वानवा असते. आयटीच्या व्यवस्थापकाला मात्र दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागतं. टेंडरमध्ये सगळ्यांत स्वस्त आलेला व्हेंडर नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, संचालक मंडळापुढे उभं राहावं लागतं आणि इन्स्पेक्शनला तीच फाइल पुन्हा उघडते. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, रात्री अडकलं तर सकाळी शाखा उघडायच्या की नाही हे कोणीतरी ठरवायचं असतं. सही आपली असते तेव्हाच हे कळतं. मला वाटतं निदान शेवटच्या सत्राची इंटर्नशिप अशा ठिकाणी व्हावी, कोडिंगच्या कंपन्यांत नव्हे.

फळा_खडू

इंटर्नशिपसाठी मी बँकांना पत्रं लिहिली आहेत. उत्तर एकच: बाहेरच्या मुलांना लॉगजवळ फिरकू देता येत नाही. तुम्ही म्हणता तो अनुभव द्यायचा कोणी? नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांतही फ्रेशरला टेंडरची फाइल कोणी दाखवत नाही, त्याला टेस्टिंगला बसवतात. म्हणजे तुमची अट पूर्ण करूनही तो तेवढाच कोरा येईल.

पंचगंगा

हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण खातेदारांची नावं आणि क्रमांक झाकून, आयडी बदलून जुने लॉग अभ्यासाला देता येतात. हे करायला बंदी नाही, आळस आहे. आमच्याकडे मी तसा प्रस्ताव मांडणार आहे.

देशांतर

एमआयएसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी पुण्यातून मेकॅनिकल करून, नोकरी न करता, टेक्सासमध्ये याच विषयात एमएस केलं. हा विषय अमेरिकेत बिझनेस स्कूलमध्ये वाढला. गॉर्डन डेव्हिस यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९६० च्या दशकात त्याचा पाया घातला. अरिझोना, यूटी डलास, टेक्सास ए अँड एम, कार्नेगी मेलनचं हाइन्झ कॉलेज ही आपल्या मुलांच्या यादीतली नेहमीची नावं. संगणकाची पदवी नसलेल्यांनाही यांतल्या बऱ्याच ठिकाणी घेतात, म्हणून मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले तिकडे वळतात.

पंचगंगाताईंचं मत मला वेगळ्या कारणाने पटतं. वर्गात सगळे एकच डेटाबेस आणि एकच प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकतात. उन्हाळी इंटर्नशिप मात्र आधी त्यांना मिळाली ज्यांनी भारतात एसएपी किंवा डेटा वेअरहाउसवर काम केलं होतं. मुलाखतीत विचारतात, 'तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत?' माझ्याकडे सांगायला फक्त कॉलेजचा प्रोजेक्ट होता.

कर्ज काढणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पदवीनंतर १२ महिने काम करता येतं आणि एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या अभ्यासक्रमाला आणखी २४ महिने. एकाच नावाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात त्या यादीत असतो, दुसऱ्यात नसतो. ते नावावरून ठरत नाही, विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० कागदावर छापलेल्या, विषय दाखवणाऱ्या सहा आकडी सीआयपी कोडवरून ठरतं. एजंट हे आपणहून सांगत नाहीत. दुसरं, एच-१बी, म्हणजे पुढे नोकरीसाठी लागणारे व्हिसा, वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार, त्यातही सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा पुढे आला, पण असे नियम एका सहीने फिरतात हे सगळ्यांना कळलंय. घर गहाण टाकून जायचं असेल तर माझं उत्तर 'आत्ता नको' हेच आहे.

हिंजवडी_फाटा

मधला रस्ता कोणी घेत का नाही? बीएससी, बीसीएच्या मुलांना विप्रो नोकरीसोबत एमटेक करवते. इग्नूचं एमसीए नोकरी सांभाळून होतं. पगारही सुटत नाही आणि पदवीही मिळते.

मांजराकाठ

ते रस्ते चांगलेच आहेत, पण विप्रोत निवड व्हावी लागते आणि आठ-नऊ तासांच्या नोकरीनंतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून खोलीवर पोचून अभ्यास किती होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

वाचणाऱ्या मुलींसाठी एक माहिती देते, कारण ती माझ्या गावात अजून पोचलेली नाही. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. एमसीए आणि एमबीए दोन्ही त्यात आहेत. प्रवेश कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही, त्यामुळे जाहिरात बघून आधीच पैसे भरून जागा अडवू नका. उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयर तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, कॅप सुरू झाल्यावर तिथे उभं राहायला जागा नसते. कोणाला फॉर्म भरताना अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रात्री नऊनंतर बघते.