गावची कुत्री आणि नसलेला मालक : एक अनुभव धागा

गावात ज्या कुत्र्याविषयी तक्रार होते, तो बहुधा कोणाच्या तरी ओसरीवर झोपत असतो, कोणाच्या तरी गोठ्याची राखण करत असतो आणि दोन-तीन घरांच्या उरल्यासुरल्या भाकरीवर जगत असतो. मात्र तो एखाद्याला चावला की त्याचा मालक कोण, या प्रश्नावर सारी आळी गप्प बसते. शहरांतील भटक्या कुत्र्यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यांच्यावरून न्यायालयांत वादही होतात. वाडीवस्तीवर राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तेथे कुत्री पकडणारी गाडी येत नाही, निर्बीजीकरणाचे केंद्र तालुक्याच्या गावीही असेलच असे नाही, आणि चावा झाल्यावर पहिली सुई मिळेपर्यंत अर्धा दिवस सहज जातो.

म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या किंवा नोकरीनिमित्त तेथे फिरणाऱ्या काही जणांना आम्ही आपले अनुभव लिहून देण्याची विनंती केली. कुत्र्यांवर प्रेम असावे की नसावे हा वाद बाजूला ठेवावा आणि काय घडले, काय केले व त्यातून काय निष्पन्न झाले एवढेच लिहावे, अशी अट होती. ती सर्वांनी पाळली असे नाही. लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. मधूनमधून आलेली टिप्पणी आमची आहे.

रात्री पाणी देणारा शेतकरी

शेतीपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, त्यामुळे मध्यरात्री मोटार चालू करायला मळ्यापर्यंत जाणे टळत नाही. वाटेत तीन वस्त्या लागतात आणि प्रत्येक वस्तीची कुत्री आपापल्या हद्दीपुरती अंगावर येतात. ओढा किंवा बांध ओलांडला की तीच कुत्री जागच्या जागी उभी राहून भुंकतात, पुढे येत नाहीत. हे ध्यानात आल्यापासून मी पळत नाही. हद्द संपेपर्यंत सावकाश चालत राहतो. मोटारसायकलवर असलो तर वेग वाढवण्याऐवजी कमी करतो आणि वेळ पडल्यास गाडी थांबवतो. कुत्र्याला गाडीमागे धावण्यात रस असतो, उभ्या गाडीत नसतो; आणि घाबरून वेग वाढवणाऱ्याला दातांपेक्षा रस्त्याचाच मार अधिक बसतो.

वाकून दगड उचलल्यासारखे करणे हा उपाय आपल्याकडील कुत्र्यांवर बहुतेक वेळा चालतो, मग हाती दगड लागो वा न लागो. काठी लांब असावी, पण ती उगारू नये; आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये जमिनीला टेकवून धरावी. बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर न मारता आपल्या पायांपुढे ठेवावा. मात्र एका रात्री यातले काहीच उपयोगी पडले नाही. मधल्या वस्तीवर कडब्याच्या गंजीखाली एक कुत्री व्यायली होती आणि तिने आवाजही न करता मागून येऊन माझी पोटरी धरली. पिल्ले असलेली कुत्री आधी गुरगुरेलच असे नाही.

सुया सुरू झाल्यावर त्या वस्तीवरच्या तात्यांकडे गेलो. “ती आमची नाही,” ते म्हणाले. “असू द्या तात्या, पण तिला हाक काय मारता?” मी विचारले. तात्या काही बोलायच्या आत नातवाने नाव सांगून टाकले आणि तात्यांना हसू आवरेना. पिल्ले सुटी होईपर्यंत रात्री तिला गोठ्यात कोंडायचे त्यांनी कबूल केले आणि तो शब्द पाळला. आता वाटेवरच्या बहुतेक कुत्र्यांची नावे मी विचारून ठेवली आहेत. अंधारातून नावाने हाक आली की त्यांतली बरीचशी गप्प होतात.

*या अनुभवाला एक जोड द्यावीशी वाटते. अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. वस्तीवर मोकाट कुत्री जितकी जास्त, तितके बिबट्याला तिकडे फिरकण्याचे निमित्त जास्त. रात्री पाण्यावर जाणाऱ्याला हे दोन प्रश्न वेगळे मानता येत नाहीत.*

आरोग्यसेविका

चावा झालेला माणूस उपकेंद्रात येतो तेव्हा जखमेवर आधीच काहीतरी लावलेले असते. कधी मिरचीची पूड, कधी चुना, कधी हळद आणि तेल. ते काढण्यातच आमचा पहिला वेळ जातो. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि त्याला जखमेतच गाठण्याची सर्वांत चांगली संधी सुरुवातीलाच असते. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची असते. पंधरा मिनिटे हा किती मोठा वेळ आहे, हे घड्याळ समोर ठेवल्याशिवाय कोणाला पटत नाही. बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करतात. मी रुग्णाला नळाजवळच्या दगडावर बसवते, साबणाची वडी त्याच्या हातात देते आणि वेळ स्वतः पाहते. अशी जखम घट्ट बांधायची नाही आणि शक्यतो लगेच शिवायची नाही, हेही नातेवाइकांना समजावावे लागते, कारण टाके घातले नाहीत म्हणजे उपचारच झाला नाही असे त्यांना वाटते.

शाबूत कातडीला कुत्र्याने नुसते चाटले असेल तर धुणे पुरेसे असते. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस घ्यावीच लागते. रक्त आले असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात अथवा उघड्या जखमेत गेली असेल, तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला लगेच रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे औषधही, द्यावे लागते. खरा घोळ येथे होतो. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, पण इम्युनोग्लोब्युलिनसाठी पुष्कळदा मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते, आणि एक सुई टोचून घेतलेला माणूस ‘झाले की’ म्हणून परस्पर घरी जातो. लसीच्या पहिल्या मात्रेनंतर सात दिवस उलटले की इम्युनोग्लोब्युलिन देऊन उपयोग नसतो, म्हणून अशा माणसाच्या घरी मी दुसऱ्याच दिवशी जाते. लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी द्यावी लागते. दंडाच्या स्नायूत दिली तर त्यांत चौदाव्या दिवसाची भर पडते. जखम भरून आली की शेवटच्या मात्रेला माणसे येत नाहीत.

वयस्कर माणसे अजूनही पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांना घाबरतात. ती भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे तयार केली होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होते. आताच्या लसीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मी दंड उघडा करून, बोट ठेवून दाखवते.

आणखी एक विनंती. चावलेल्या कुत्र्याला मारू नका. लस लगेच सुरू करायचीच, पण तो कुत्रा पुढचे दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे डॉक्टर मानू शकतात. गावात नेमके उलट घडते: आधी कुत्र्याला काठ्यांनी संपवले जाते आणि मग तो पिसाळलेला होता की नव्हता, यावर पारावर चर्चा रंगते.

पशुवैद्यक

मला येणारा फोन बहुधा असा असतो: गाय दोन दिवस सारखी हंबरते आहे, लाळ गळते आहे, वैरण तोंडात घेते पण गिळत नाही, घशात काहीतरी अडकले असावे. मी पोहोचेपर्यंत मालकाने, त्याच्या भावाने आणि शेजाऱ्याने आळीपाळीने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाहिलेले असते. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात कुत्रा शिरला होता, हे कोणाला तरी मग आठवते. गिळता न येणे आणि आवाज बदलणे ही जनावरातील रेबीजची लक्षणे असू शकतात, म्हणून अशा जनावराच्या तोंडात हातमोजे न घालता हात घालू नये. ही एक गोष्ट जरी प्रत्येक गोठ्यात पोहोचली तरी पुष्कळ झाले.

गाय दगावली की गावात दुधावरून घबराट पसरते आणि तिचे दूध जेथे जेथे गेले ती सारी घरे आरोग्य केंद्रासमोर उभी राहतात. उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही. ज्यांना लसीची खरी गरज असते ते हात घालणारे तिघे मात्र त्या गर्दीत मागे कोठेतरी असतात आणि आपल्याला काही झालेले नाही असे सांगत असतात. जनावराला कुत्रा चावल्याचे त्याच दिवशी कळवले तर माणसाप्रमाणे त्यालाही जखम धुऊन लसीच्या मात्रा देता येतात. लक्षणे दिसू लागल्यावर माझ्या हातात काही उरत नाही.

मेंढपाळ

आमची कुत्री टोळीतली असतात आणि त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. लांडगा आणि बिबट्या यांच्याशी त्यांची गाठ पडते. लांडगा एक कोकरू उचलतो आणि जातो. गावाकडची मोकाट कुत्री मात्र वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरे कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, शिरली की एकाला सोडून दुसऱ्याला फाडत जातात आणि त्यांतले खात काहीच नाहीत. गावात गाऱ्हाणे घेऊन गेलो तर कुत्री आमची नाहीत असे ऐकायचे आणि तळ हलवायचा.

चावा झालेल्या मुलीचे वडील

आपल्या अटीत मी बसणार नाही याची मला जाणीव आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या गालाचा कुत्र्याने लचका तोडला आणि त्यानंतर मला भेटलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने नियम सांगितले. कुत्र्यांना मारायचे नाही, दुसरीकडे नेऊन सोडायचे नाही, निर्बीजीकरण करून जागेवर आणून सोडायचे. निर्बीजीकरण करणार कोण, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. शेजारच्या गावात कोणीतरी विष घातले, तेव्हा मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. त्या विषाने मेली ती मात्र दारात बांधलेली दोन कुत्री, एक मांजर आणि उकिरड्यावरचे कावळे. मुलीला चावणारा कुत्रा त्या टापूत फिरतच नव्हता.

*या संतापाला उत्तर देण्याचा आमचा विचार नाही. कायद्यापुरते एवढेच सांगता येईल, की प्राण्याला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी नगरपालिकांबरोबर पंचायतींवरही टाकलेली आहे. जबाबदारी कागदावर गावापर्यंत पोहोचली, पण शस्त्रक्रियेची खोली, प्रशिक्षित पशुवैद्यक आणि निधी तिच्याबरोबर आले नाहीत. या वडिलांचा मुद्दा तोच आहे आणि तो खरा आहे.*

प्राथमिक शिक्षिका

संशयित प्राण्याच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शाळेत काम करणाऱ्याला त्याचे कारण शोधावे लागत नाही. मुले पिल्लांना उचलतात, झोपलेल्या कुत्र्याची शेपटी ओढतात आणि ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवतात. आम्ही दोनच गोष्टी केल्या. उरलेला पोषण आहार कुंपणाबाहेर टाकणे बंद केले, तेव्हा फाटकाशी जमणारी टोळी हळूहळू विरळ झाली. दुसरे म्हणजे ओरखडा दाखवणाऱ्या मुलाला कोणीही रागावणार नाही, असे पालकसभेत सर्वांसमोर ठरवले. त्यानंतर बाहीखाली लपवलेले हात पुढे येऊ लागले.

ग्रामपंचायत सदस्य

आमच्या शिवारात कुत्र्यांची मोठी टोळी जमण्याचे कारण गावात नव्हते; ते कोंबड्यांच्या शेडमागच्या ओढ्यात होते. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून तेथे फेकल्या जात आणि मेलेली जनावरेही त्याच बाजूला ओढून टाकली जात. पूर्वी हे काम गिधाडे उरकत असत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे जवळपास संपली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण आमच्या आकाशात ती परतलेली नाहीत. त्यांचा वाटा कुत्र्यांकडे गेला. कच्च्या मांसावर, माणसांपासून दूर वाढलेली ही कुत्री वस्तीतल्या कुत्र्यांसारखी वाकल्यावर मागे हटत नसत.

आधी काही मंडळींनी रात्री टेम्पोत कुत्री भरून घाटापलीकडे सोडली. हे नियमात बसत नाहीच, शिवाय मोकळी झालेली जागा दोन महिन्यांत दुसऱ्या कुत्र्यांनी भरली आणि ती आम्हाला अनोळखी होती. मग शेडमालकांना खोल खड्डे घेऊन चुना टाकून पुरण्याचे बंधन ग्रामसभेच्या ठरावाने घातले. भांडणे झाली, एकाने ठरावाची प्रत फाडली. पण ओढा रिकामा झाल्यावर टोळी फुटली, हे त्यालाही मान्य करावे लागले.

त्यानंतर घरोघर जाऊन कुत्र्यांची वही केली. ‘हा कुत्रा तुमचा का?’ असे विचारले की उत्तर नकारार्थी येते, म्हणून आम्ही ‘हा कोणाच्या हाकेला येतो?’ असे विचारले. ज्याच्या हाकेला येतो त्याने लसीकरणाच्या दिवशी त्याला धरून आणायचे, एवढीच जबाबदारी त्याच्यावर टाकली. चाव्याची भरपाई किंवा दंड यांचा शब्दही काढला नाही, कारण तो काढला असता तर वही कोरी राहिली असती. निर्बीजीकरण आमच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि त्यासाठी जिल्ह्याकडे पाठपुरावा चालू आहे. रेबीजची लस मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातच देता येते, आणि एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना ती मिळाली तर कुत्र्यांमधील रेबीजची साखळी तुटते असे मानले जाते. त्यामुळे निर्बीजीकरणाची वाट पाहत लसीकरण थांबवणे आम्हाला पटले नाही. लस दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टी बांधतो. ती महिनाभरात तुटते, म्हणून खरी नोंद वहीत राहते. शिबिर आता उन्हाळ्यात घेणार आहोत, कारण ऊसतोड संपून टोळ्या परत गेल्या की फडाजवळ त्यांची काही कुत्री मागे राहतात आणि ती अजून कोणाच्याच हाकेला येत नाहीत.