प्लॅटिनम कार्ड टिकवायला पदरचे पैसे घालून हॉटेलात झोपावं का?

पंपवाला, विश्रामबाग:

मंडळी, हॉटेलच्या मेंबरशिपमधलं ज्यांना कळतं त्यांनी जरा सांगा.

मी पंपांच्या सर्व्हिसमध्ये आहे. कंपनी कुपवाड एमआयडीसीतली, पण महिन्यातले बरेच दिवस बेंगळुरूच्या पीन्यात नाहीतर चेन्नईच्या अंबत्तूरला जातात. कंपनीचा एका परदेशी हॉटेल साखळीशी रेट ठरलाय, त्यामुळं मुक्काम तिथंच. नाव घेत नाही, उगाच जाहिरातही नको आणि भांडणही नको. वर्षात ठरावीक रात्री राहिलं की मेंबरशिपचं वरचं कार्ड देतात, तसं राहून राहून मला प्लॅटिनम मिळालं. मिरवायचा सोस नाही, पण एका गोष्टीसाठी ते फार कामाचं होतं: दुपारी चारपर्यंत खोली. साइटवर अलाइनमेंट, ट्रायल उरकून दीड-दोनला परतायचं, नखांतलं ग्रीस निघेपर्यंत अंघोळ करायची, तासभर आडवं व्हायचं, रिपोर्ट टाकायचा आणि संध्याकाळची सांगलीची स्लीपर पकडायची. बाकी फळांची टोपली, 'वेलकम बॅक सर', ते सगळं ठीकच.

यंदा मेल आला, 'आपल्यासाठी आणखी सुधारित फायदे'. असले मेल मी आता खालून वर वाचतो, कारण काय गेलं ते तळाला बारीक अक्षरात असतं. चारच्या जागी आलंय 'उपलब्धतेनुसार'. संध्याकाळचं लाउंज बंद, त्याबदली बारचं कूपन. मी दारू पीत नाही. आणि नाश्ता! पूर्वी अख्खा बुफे होता. आता टेबलावर लॅमिनेट केलेलं कार्ड. डाव्या बाजूला मेंबरांसाठी: इडली-वडा किंवा दोन अंड्यांचं आमलेट, आणि एक चहा किंवा कॉफी. उजव्या बाजूला बुफेचा दर, फरक मेंबरानं भरायचा. डोसा मागितला तर पोरगं बिचारं कार्डाकडं बघून म्हणालं, "सर, डोसा उजव्या बाजूला आहे."

त्यात अंबत्तूरचं एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, संपलं, म्हणून यंदा रात्री कमी पडतायत. डिसेंबर संपायच्या आत पुण्यात स्वतःच्या पैशानं थोड्या रात्री काढल्या तर कार्ड टिकतंय. एक रात्र सात-आठ हजारांची, वर जीएसटी. बायको विचारते, "घरात गादी नाही का?" तिचं बरोबर आहे, पण एवढं जमवलेलं सोडवतही नाही. सगळ्याच साखळ्यांचं असं झालंय, की माझीच बिघडलीय?

हिशोबनीस, मिरज:

पंपवाले, आधी आकडे घ्या. मॅरियटच्या मेंबरशिपमध्ये, म्हणजे बॉनव्हॉयमध्ये, गोल्ड वर्षाला २५ रात्रींना, प्लॅटिनम ५०, टायटॅनियम ७५. चार वाजताचं चेकआउट प्लॅटिनमपासून वर, आणि रिसॉर्टमध्ये तेही उपलब्धतेनुसार. म्हणजे महाबळेश्वरच्या ले मेरिडियनला मे महिन्यात ते धरून चालायचं नाही. हयातचं वरचं कार्ड, ग्लोबलिस्ट, ६० रात्रींना. हिल्टननं २०२६ पासून गोल्ड ४० वरून २५ वर आणि डायमंड ६० वरून ५० वर आणलं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच वेळी वर 'डायमंड रिझर्व्ह' नावाचा नवा मजला चढवला: ८० रात्री आणि शिवाय १८,००० डॉलरचा खर्च. खालच्या मजल्यावर गर्दी, गच्ची निवडक लोकांना.

नाश्त्याचं म्हणाल तर अमेरिकेत हिल्टननं २०२१ मध्येच फुकट नाश्ता काढून खाण्यापिण्याचं क्रेडिट सुरू केलं. राहून जमलेल्या पॉइंटांवर फुकट रात्र मिळते, तिला किती पॉइंट लागतात याचा ठरलेला तक्ता मॅरियटनं २०२२ मध्ये काढून टाकला, आता खोलीच्या भावाप्रमाणं पॉइंट मागतात. तेव्हा फक्त तुमचीच बिघडली नाही.

पण मला कळत नाही, एएमसी संपलं तर पुढच्या वर्षी ते कार्ड तुम्ही दाखवणार कुठं? वर्षभर ज्या हॉटेलात जाणंच कमी होणार, तिथला मान टिकवायला आत्ता तीस-चाळीस हजार घालायचे? इडली-वडा बाहेर शंभर-दीडशेत होतो.

गलाईवाला, विटा:

आमचं सोनं-चांदी गाळायचं दुकान तामिळनाडूत सेलमला. वडिलांपासून एकाच लॉजवर उतरतो. पॉइंट नाहीत, कार्ड नाही, टोपली तर नाहीच. पण तुमचं खरं दुखणं चेकआउटचं आहे ना? तिकडं बऱ्याच लॉजना चोवीस तासांचा हिशोब असतो. संध्याकाळी सहाला शिरा, दुसऱ्या दिवशी सहाला निघा. त्यासाठी पन्नास रात्री झोपावं लागत नाही भावा.

पंपवाला, विश्रामबाग:

गलाईवाले, मनातलं बोललात. पण आमच्या अकाउंट्सला जीएसटीचं पक्कं बिल लागतं. लॉजचं बिल दिलं की साहेब चष्म्यावरून बघतात.

हिशोबनीस, मिरज:

बघू देत. हॉटेल ज्या राज्यात, तिथला सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. तामिळनाडूतल्या मुक्कामाचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला तसंही घेता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, हॉटेलवाल्याला इनपुट क्रेडिट न घेता. त्याच्या वर गेलात की १८. तुमच्या पुण्याच्या 'सात-आठ हजार'मधला तो 'आठ' महागात पडेल.

पूर्वी फ्रंट ऑफिसला, आता सातारा:

मी काउंटरच्या पलीकडं उभा राहिलेला माणूस, म्हणून पलीकडचं सांगतो.

तुम्हाला वाटतं नाश्ता साखळी देते. साखळीची पाटी असते, इमारत बहुतेकदा दुसऱ्याची. चॅलेट, समही, व्हेंटिव्ह या मालक कंपन्या तर शेअर बाजारात आहेत. मेंबर राहिला की हॉटेल त्याच्या बिलातला काही हिस्सा साखळीच्या मेंबरशिप खात्यात भरतं. शिवाय मेंबराची इडली, मेंबराचं लाउंज, चारपर्यंत अडकलेली खोली, हा भार बऱ्याच अंशी मालकावरच. पॉइंटांवर कुणी फुकट राहिलं तर साखळी हॉटेलला पैसे देते, पण हॉटेल जवळपास भरलेलं नसेल तर ती रक्कम फार नसते. त्यामुळं फायदे जाहीर करणारा एक आणि सोसणारा दुसरा. मालक वर्षानुवर्षं कुरकुरतो, मग मुंबई-दिल्लीत मीटिंगा होतात, आणि लॅमिनेटचं कार्ड छापून टेबलावर येतं. ते पोरगं तिथं फक्त निरोप्या.

दुसरं, कार्डवाले फार झाले. आमच्याकडं सकाळी त्या दिवशी येणाऱ्यांची यादी निघायची. मी लागलो तेव्हा थोड्याच नावांपुढं खूण असायची, आणि त्या माणसाला कुठली उशी लागते हे हाउसकीपिंगला तोंडपाठ. पुढं पुढं निम्म्या यादीला खुणा. अमेरिकेत क्रेडिट कार्ड घेतलं तरी प्लॅटिनम मिळतं. आपल्याकडंही २०२३ मध्ये एचडीएफसी-मॅरियटचं कार्ड आलं, त्यावर सिल्व्हर आणि वर्षाला १० रात्रींची नोंद आयती मिळते. निम्म्या हॉटेलाला वरची खोली देणार कशी? आणि सगळेच चारपर्यंत झोपले तर दोनला येणाऱ्याला कुठं बसवायचं? हाउसकीपिंगची बाई एकेका खोलीला अर्धा तास घालते, तिला जादूची कांडी नसते.

पण तुमच्या कामाचं सांगतो. ॲपवरून 'लेट चेकआउट' मागू नका, ती विनंती शंभर जणांच्या रांगेत पडते. आदल्या रात्री आठनंतर ड्यूटी मॅनेजरला स्वतः भेटा आणि बसची वेळ सांगा. तोवर उद्या किती खोल्या जातायत ते त्याच्यासमोर असतं. खोली अडली असेल तर सामान ठेवून जिमशेजारच्या बाथरूममध्ये अंघोळीची सोय करून द्या म्हणा. त्याला कार्ड लागत नाही, मी बिनकार्डाच्या लोकांनाही दिलीय.

पंपवाला, विश्रामबाग:

जिमची अंघोळ डोक्यातच आली नव्हती.

ठरलं, पुण्याला झोपायला जात नाही. ॲडमिनच्या मॅडमना विचारलं, करार रेटचा आहे, तिथंच राहा असं कुठं लिहिलेलं नाही. पीन्याच्या साइटजवळ एक साधं हॉटेल आहे, चालत दहा मिनिटं. साखळीवाल्याकडून येताना ट्रॅफिकमध्येच तास जायचा, तेवढ्यात माझी अंघोळ होऊन झोप लागलेली असेल. गंमत म्हणजे ते हॉटेल मी कायम रिक्षातून बघत गेलो. आता जमलेल्या पॉइंटांचं काय करू? पुढं कधी मोठ्या सुट्टीला ठेवू का?

हिशोबनीस, मिरज:

ठेवू नका, यंदाच उडवा. पॉइंटांवर व्याज मिळत नाही, उलट खोलीचे पॉइंट वाढतच जातात. मॅरियटचे तर २४ महिने खात्यात काही हालचाल नसेल तर संपतात, तुमच्या साखळीचा नियम ॲपमध्ये बघून घ्या. आणि शनिवारऐवजी रविवारची रात्र शोधा. ऑफिसवाल्यांची हॉटेलं रविवारी बऱ्यापैकी रिकामी असतात, पॉइंटही कमी लागतात. वहिनींना घेऊन जा. फक्त बुकिंग करताना नाश्ता दोघांचा धरलाय का एकाचा ते वाचा, तळाचं बारीक अक्षरसुद्धा.