मदत हवी आहे: स्वादुपिंडाला सूज आणि कॅल्शियम जास्त

माझ्या मोठ्या भावाला आठ महिन्यांत दुसऱ्यांदा स्वादुपिंडाला सूज आली. दारूला तो शिवत नाही (तरी प्रत्येक जण आधी तेच विचारतो!), सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत, ट्रायग्लिसराइडही ठीक. या वेळी एका तरुण डॉक्टरांचं लक्ष कॅल्शियमकडे गेलं: ११.८. या आजारात कॅल्शियम उलट खाली जातं, म्हणून ऐन दुखण्यात ते चढलेलं दिसलं की गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी तपासायलाच हवी, असं ते म्हणाले. पीटीएच (त्या ग्रंथीचं हार्मोन) हेही वाढलेलं निघालं. मागे दोनदा मुतखडा झाला होता, तेव्हा हे कुणाला सुचलं नाही.

मला समजलं ते असं: गळ्यातल्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एखादी बेताल झाली की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्यामुळे स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य आतच जागं होऊन त्यालाच पोळतं.

आता सेस्टामिबी स्कॅन (बिघडलेली ग्रंथी नेमकी कुठली ते शोधायला), मग बहुधा ती काढायचं ऑपरेशन. कुणाच्या घरी असं झालंय का? ग्रंथी काढल्यावर पोटाचे झटके थांबले का? आणि ऑपरेशननंतर कॅल्शियम एकदम घसरून हातापायांना मुंग्या येतात म्हणे, तो त्रास किती दिवस राहिला?