इडोतलं ‘प्लेआर’ : वाजवणे की खेळणे?

प्रश्न : इडो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेच्या शब्दकोशात ‘वाजवणे’ला ‘प्लेआर’ दिलंय आणि नाटकात भूमिका करण्यालाही तेच. मग ‘मुलं खेळतायत’ इथेही ‘प्लेआर’ चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. खेळण्याला इडोत ‘लुदार’ आहे. ‘ला इन्फान्ती लुदास’ म्हणजे मुलं खेळतायत. ‘मे प्लेआस व्हिओलिनो’ म्हणजे मी व्हायोलिन वाजवतो. ‘इल प्लेइस ला रोलो दि हॅम्लेट’ म्हणजे त्याने हॅम्लेटची भूमिका केली. (‘-आस’ वर्तमानाचा, ‘-इस’ भूतकाळाचा.)

घोटाळा होतो तो इंग्रजीमुळे. तिथे चेंडू, पियानो आणि हॅम्लेट तिन्हींना एकच क्रियापद. फ्रेंच-जर्मनमध्येही तसंच, आणि एस्पेरांतो या इडोआधीच्या कृत्रिम भाषेनेही ‘लुदी’ हे एकच ठेवलं. १९०७ साली पॅरिसला भरलेल्या समितीतून एस्पेरांतोची सुधारित भाषा म्हणून इडो पुढे आली, तेव्हा लुई कुत्युरा या तर्कशास्त्रज्ञाचा आग्रह होता की एका धातूला शक्यतो एकच अर्थ असावा. ‘लुदार’ आणि ‘प्लेआर’ वेगळे असणं त्या आग्रहाला धरूनच आहे, आणि मला ते फार पटतं. रागाची मांडणी करणारा सतारिया काही खेळत नसतो.

प्रश्न : म्हणजे मराठीत ‘वाजवणे’ दिसलं की डोळे मिटून ‘प्लेआर’ घ्यायचं?

उत्तर : तसंही करू नका. आपण पेटी वाजवतो तशी देवळातली घंटाही वाजवतो. घंटेला ‘प्लेआर’ नाही, ‘सोनिगार’. ‘सोनार’ म्हणजे वाजणे, त्याला ‘-इग-’ लावला की ‘वाजायला लावणे’. आपल्याकडे ‘वाजणे’वरून ‘वाजवणे’ होतं, अगदी तशीच घडण. फक्त मराठीत हे प्रयोजक रूप सतारीपासून गाडीच्या हॉर्नपर्यंत सगळीकडे चालतं. इडोत स्वतःला विचारायचं, इथे संगीत सादर होतंय की नुसता आवाज काढलाय? संगीत असेल तरच ‘प्लेआर’.

भूमिकेच्या बाबतीत मराठी माणूस सहसा चुकत नाही, कारण आपण भूमिका करतो, वठवतो, साकारतो, ‘खेळत’ नाही. फसायला होतं ते नामापाशी. कोकणात दशावताराचा ‘खेळ’ असतो, कळसूत्री बाहुल्यांचाही ‘खेळ’च. त्यावरून दशावतारातल्या नटाला ‘लुदास’ लावू नका. तो रावणाची भूमिका करतोय, म्हणून ‘प्लेआस’.