माल्बेक रांगडी की भरदार?

एका लेखाचं भाषांतर करतेय. अर्जेंटिनातल्या मेंडोसा प्रांतातली माल्बेक ही 'रोबस्ट' रेड वाइन आहे, असं मूळ वाक्य. 'मजबूत वाइन' लिहिलं तर सिमेंटची जाहिरात वाटते. 'कडक' चालेल? आणि पुढे 'उंच डोंगराळ भागातली' असं लिहिलंय, ते ठीक आहे ना?

—

कडक नको. दारू कडक म्हणजे चढणारी. इथे मुद्दा जिभेवरच्या वजनाचा आहे, पाणचट ताक आणि घट्ट मठ्ठा यांत असतो तसला. माझं मत 'रांगडी'ला.

—

रांगडी म्हणायची तर फ्रान्समधल्या काओरची म्हणा. माल्बेक या द्राक्षाचं जुनं घर ते. तिथली वाइन इतकी गडद की तिला 'काळी वाइन' म्हणत आले. तुरटही तशीच, अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते ना, तशी. १८५३ च्या सुमारास मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने हा वेल अर्जेंटिनात नेला. मेंडोसात दिवसा रणरणतं ऊन, रात्री गारठा. उन्हाने साल जाड होते, रंग भरतो, तुरटपणा पिकून मऊ होतो. गारठ्यामुळे आंबटपणा टिकतो. म्हणून मेंडोसाची 'भरदार'. भरदार मिशी म्हणतो तसं: दाट, पण टोचत नाही.

'डोंगराळ' मात्र काढा. वाचकाला आपल्याकडची उतारावरची नाचणी दिसेल. तिथल्या ऊको खोऱ्यातले मळे साधारण ९०० ते १५०० मीटरवर, म्हणजे काही थेट महाबळेश्वराच्या उंचीचे. पण जमीन गोट्यावाळूची, हलक्या उताराची. अँडीजचा पायथाच तेवढा उंच आहे. 'अँडीजच्या पायथ्याचे उंच माळ' लिहा.

—

भाषांतरात पुढे 'कालवे' येणारच, म्हणून आधीच सांगतो. पाऊस तिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. शेती चालते ती अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर. ते पाणी मळ्यापर्यंत नेणाऱ्या चारीला 'असेकिया' म्हणतात, त्याला आपला 'पाट' चपखल बसतो. पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि दार उघडणारा 'तोमेरो' म्हणजे हुबेहूब पाटकरी!

गंमत म्हणजे असेकिया हा शब्द स्पॅनिशमध्ये आला अरबी 'साकिया'वरून, आणि गझलेतला पेला भरणारा साकी त्याच धातूचा. पाणी पाजणं, हा मूळ अर्थ. (संगीत नाटकातली साकी वेगळी, तो पद्यप्रकार.)

—

वा, साकीसाठी तरी तळटीप टाकतेच. 'भरदार' आणि 'पाट' घेतले. एकच राहिलं: माल्बेक ते की ती? आणि मेंडोझा की मेंडोसा?

—

द्राक्ष ते, वाइन ती. आणि मेंडोसाच, अर्जेंटिनात तो 'झ' कुणी उच्चारत नाही.